जुन्या वीज-पेटीची परीक्षा

एके काळीं गल्लींत कल्हईवाल्याची आरोळी ऐकूं आली कीं, घरोघरचीं तांब्या-पितळेचीं भांडीं ओसरीवर येऊन बसत. भाता, कोळसे, नवसागर आणि कथलाचा एवढासा तुकडा, इतक्या सामग्रीवर तो कारागीर काळवंडलेल्या पातेल्याला रुपेरी पोट देई. धातूला नवें अंग देण्याची ती कला विस्तवाची होती. तिची धाकटी बहीण विजेची आहे, आणि आतां ती कारखान्याचा उंबरठा ओलांडून हौशी माणसांच्या गच्चींत आणि मागच्या अंगणांत येऊन पोंचली आहे.

ॲल्युमिनियमच्या बाबतींत तर बाहेरून दुसरा धातु चढवावाच लागत नाहीं. त्याचाच ऑक्साइड त्याच्याच अंगावर वाढवावयाचा असतो. वस्तु विजेच्या धन टोंकाला जोडून पातळ गंधकाम्लांत बुडवावी, समोर शिशाचा पत्रा ऋण टोंकाला लावावा आणि प्रवाह सोडावा, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर एक कठीण थर उगवूं लागतो. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. त्या छिद्रांत रंग भरतां येतो. नंतर वस्तु उकळत्या पाण्यांत ठेवली कीं छिद्रांचीं तोंडें मिटतात आणि रंग आंत कोंडला जातो. यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. १९२३ सालीं ब्रिटनमध्यें क्रोमिक आम्लाची जी रीत पुढें आली, तिचा हेतु समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वांचविणें हा होता. गंधकाम्लाची रीत १९२७ सालची. आणि तीच आज सर्वत्र रूढ आहे.

या कामाला विजेचा दाब फार लागत नाहीं; बारा ते अठरा व्होल्ट पुरतात. प्रवाह मात्र पुष्कळ लागतो. वस्तूच्या प्रत्येक चौरस डेसिमीटर पृष्ठभागाला सुमारें दीड अँपिअर, असें साधारण मान आहे. म्हणजे दहा चौरस डेसिमीटरांच्या वस्तूला पंधरा अँपिअर हवेत, आणि तेहि पाऊण तास अखंड. एवढा प्रवाह देणारी नवी पेटी सामान्य गृहस्थाच्या खिशाला झेपत नाहीं. म्हणून तो जुन्या बाजाराची वाट धरतो, आणि तेथूनच त्याच्या परीक्षेला आरंभ होतो.

असे एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावे. शाळेंत तीस वर्षें विज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर आहेत. आपल्या जुन्या शाळेला सहा इंची आरशाची दुर्बीण करून द्यावी, असा त्यांचा संकल्प आहे. आरसा घांसून झाला आहे. नळीचीं ॲल्युमिनियमचीं कडीं ओळखीच्या लेथवर कातून आणलीं आहेत. दुर्बिणीच्या आंत परका उजेड चमकूं नये म्हणून तीं काळीं करावयाचीं आहेत. त्यासाठीं त्यांनीं १५ व्होल्ट, १०० अँपिअर असा शिक्का असलेली एक जुनी स्विचिंग पेटी, जिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात, ती मिळविली. दुकानांत पेटी लावून पाहिली तेव्हां तिच्या तोंडावरच्या आकड्यांनीं १५ व्होल्ट दाखविले. मास्तर समाधानानें घरीं आले.

टांकींत कडीं सोडून त्यांनीं प्रवाह हळूहळू वाढविला. पांच अँपिअर, आठ, बारा. आणि पेटी बंद पडली. क्षणभरानें ती आपली आपणच सुरू झाली आणि पुन्हां बंद पडली. पाऊण तास हा खेळ चालला. त्या दिवशीं कड्यांवर काळा रंग चढला नाहीं. कोठें जांभळट, कोठें करडा, असे ठिपके तेवढे उमटले. थर पातळ राहिला कीं काळा रंग असाच फसतो.

येथें नुसत्या वेळेचेंच नुकसान नव्हतें. फसलेला थर काढावयाचा तर कडीं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत बुडवावीं लागतात, आणि सोडा थराबरोबर थोडा धातूहि खातो. कड्यांवर बारीक आटे कातलेले होते. एकदां धुतल्यानें ते निभावले. पण आणखी दोनदां असें झालें असतें तर आटे सैल पडून कडीं मोडींत गेलीं असतीं. म्हणून पुढच्या खेपेस चूक होतां कामा नये, हें मास्तरांना कळून चुकलें.

त्यांचा पुतण्या विजेच्या दुरुस्तीचें काम करतो. तो आला तेव्हां मास्तर हातांत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटी उघडावयास बसलेच होते.

“काका, जरा थांबा. पेटीच बिघडली आहे, हें कशावरून?”

“अरे, डोळ्यांदेखत बंद पडते ती! आणखी काय पुरावा हवा?”

“ती बंद पडते हें खरें; पण टांकींत कडें शिशाच्या पत्र्याला टेकलें, तरी ती बंद पडेल. आधीं दोघांची फारकत करूं या. टांकी बाजूला ठेवूं आणि पेटीला दुसरें ओझें देऊं.”

बिघाड शोधण्याच्या शास्त्राचा हा पहिला नियम होय. दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतील तर त्या सोडवाव्या आणि एकेकीची स्वतंत्र परीक्षा घ्यावी. टांकीकडचे दोष थोडे नसतात. वस्तु लोंबकळविण्याची तार सैल असली तर संपर्काच्या जागींच ऑक्साइड धरतो; तो विजेला अडवितो आणि प्रवाह तुटतो. तार ॲल्युमिनियमची किंवा टायटॅनियमचीच हवी. तांब्याची तार आम्लांत विरघळते. शिवाय आम्लाचें तपमान वीस अंशांच्या आसपास राहिलें पाहिजे; ऊन आम्ल तयार होणारा थरच विरघळवूं लागतें. महाराष्ट्रांतल्या वैशाखांत तर टांकींत बर्फाच्या बाटल्या ठेवल्यावांचून हें साधत नाहीं. परंतु यांपैकीं कोणत्याहि दोषानें पेटी धरसोड करीत बंद-चालू होत नाहीं. पत्र्याला कडें टेकलें तर मात्र तसें होऊं शकतें. आणि तसें तें टेकलेलें नव्हतें.

पुतण्यानें मोटारीचे बारा व्होल्टांचे, ५५ वॉटांचे दिवे आणले. असा प्रत्येक दिवा सुमारें साडेचार अँपिअर ओढतो. त्यामुळें दिवे मोजले कीं प्रवाह मोजला जातो. पेटी बारा व्होल्टांवर आणून त्यानें एक दिवा जोडला. तो लख्ख लागला. दुसरा लागला, तिसराहि लागला. चौथा जोडतांच चारहि दिवे मंदावले, विझले, पुन्हां उजळले आणि पुन्हां विझले. टांकी निर्दोष ठरली. शंभर अँपिअरांचा शिक्का मिरविणारी पेटी अठरा अँपिअरांनाच धापा टाकीत होती.

येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अशा पेटीला प्रवाहाची मर्यादा ठरविणारी एक कळ असते. ती मर्यादा गांठली गेली तर पेटी बंद पडत नाहीं. ती दाब कमी करून प्रवाह त्याच आकड्यावर धरून ठेवते. दिवे मंद होतील, पण स्थिर जळतील. उलट, लागणें आणि विझणें असें चक्र सुरू झालें तर पेटी आपला बचाव करीत आहे, असें समजावें. मर्यादेची कळ खालीं राहिली म्हणून चांगली पेटी नादुरुस्त ठरविणारे कांहीं थोडे नाहींत. मास्तरांनीं ती कळ शेवटपर्यंत फिरवून पाहिली. कांहीं फरक पडला नाहीं.

“आतां तरी उघडूं ना?” असें म्हणून मास्तरांनीं प्लग काढला आणि झांकणाचा शेवटचा स्क्रू सोडविला. त्यांचा हात आंत जाणार, तोंच पुतण्यानें मनगट धरलें.

“काका, प्लग निघाला म्हणून वीज निघाली असें नाहीं!”

त्यानें आंत हात न घालतां मीटरचीं आवरण असलेलीं टोंकें मोठ्या कपॅसिटरांना टेकविलीं. प्लग काढून दोन मिनिटें झालीं होतीं, तरी मीटरवर १८० व्होल्ट उभे होते. मास्तर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं हात मागें घेऊन मांडीवर ठेवला.

ही वीज कोठून आली, हें समजण्यासाठीं पेटीचें अंतरंग पाहिलें पाहिजे. घरांतील वीज २३० व्होल्टांची म्हणतात. पण तिच्या लाटेचें शिखर ३२५ व्होल्टांच्या आसपास असतें. पेटी प्रथम ही लाट एकमार्गी करते आणि मोठ्या कपॅसिटरांत सांठविते. मग ट्रान्झिस्टर हा सांठा सेकंदाला पन्नास हजार, लाख किंवा त्याहूनहि अधिक वेळां तोडून-जोडून एका छोट्या ट्रान्स्फॉर्मरकडे धाडतात. तेथें दाब उतरतो आणि प्रवाह वाढतो. एवढ्या जलद तोडजोडीमुळें ट्रान्स्फॉर्मरला प्रत्येक वेळीं थोडाच भार वाहावा लागतो. म्हणूनच जुन्या पद्धतीच्या यंत्रांत जेथें दहा-पंधरा किलो लोखंड आणि तांबें लागे, तेथें मुठींत मावणारा फेराइटचा गाभा पुरतो. बाहेर पडणारा दाब किंचित् घसरला तर त्याची वर्दी मागें जाते आणि ट्रान्झिस्टर अधिक वेळ जोडलेले राहतात. अशा रीतीनें दाब स्थिर ठेवला जातो.

या सर्व रचनेंत बाहेरच्या बाजूचे पंधरा व्होल्ट निरुपद्रवी असतात. आंतल्या बाजूचे सव्वातीनशें व्होल्ट प्राण घेऊं शकतात. हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्या दाबावर पन्नास ज्यूलहून अधिक शक्ति दडवून ठेवतो. ती हळूहळू गळून जावी म्हणून एक रेझिस्टर बसविलेला असतो. पण तोच तुटलेला असेल तर सांठा फार वेळ टिकतो. घरांतलें गळतीरोधक बटण या सांठ्यापुढें हतबल आहे, कारण प्लग काढल्यावर पेटीचा आणि त्या बटणाचा संबंधच उरत नाहीं. म्हणून दहा मिनिटें थांबावें आणि मीटरनें पाहावें. उरलेला दाब हजार ओहमच्या, दहा वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवावा आणि पुन्हां मीटरनें पाहावें. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणें हें धाडस नव्हे, अडाणीपणा होय.

पेटी शांत झाल्यावर तपासणी सुरू झाली. प्रथम डोळ्यांनीं: कपॅसिटरांचीं डोकीं फुगलेलीं नव्हतीं, फ्यूज शाबूत होता, पंख्याच्या पात्यांवर धूळ होती पण पंखा मोकळा फिरत होता. ११५ आणि २३० व्होल्टांची निवड करणारें बटण २३० वरच होतें. परदेशाहून आलेल्या जुन्या पेट्यांत हें बटण आवर्जून पाहावें. तें चुकून ११५ वर राहिलें आणि २३० ची वीज दिली तर कपॅसिटरांवर दुप्पट दाब येऊन ते फुटतात. मग नाकानें: एका कोपऱ्यांत करपलेल्या व्हार्निशचा वास येत होता. तेथें एक जाडा पांढरा रेझिस्टर होता, आणि त्याच्याखालची पट्टी तपकिरी पडली होती.

पुतण्यानें मीटरच्या चिमट्या कपॅसिटरला जोडल्या, सगळ्यांना दूर उभें केलें आणि मग वीज सुरू केली. ओझें नसतांना दाब ३२० व्होल्ट होता. तीन दिवे लावतांच तो २१० वर घसरला. कांहीं सेकंदांतच त्यानें वीज बंद केली. भिंतींतली वीज मात्र २३० वर अढळ होती. मग मधले शंभर व्होल्ट गेले कोठें? अर्थात् भिंत आणि कपॅसिटर यांच्या वाटेवर कोणी तरी ते खात होता. तो त्या करपलेल्या जागेचा रेझिस्टर होता.

हा रेझिस्टर तेथें विनाकारण नसतो. पेटी सुरू होतांना कपॅसिटर रिकामे असतात आणि वीज त्यांच्याकडे धांवून जाते; फ्यूज उडेल इतकी ती रेटारेटी असते. वाड्यांत मोठी गर्दी आली म्हणजे आधीं दिंडीदरवाजानें एकेकाला आंत घेतात, आणि लोंढा ओसरल्यावर महाद्वार उघडतात. तशीच ही व्यवस्था आहे. पहिला क्षणभर वीज ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून जाते. कपॅसिटर भरले कीं एक रिले ‘टक्’ करून मिटतो आणि विजेला सरळ मार्ग खुला होतो. या पेटींत महाद्वार उघडतच नव्हतें. ओझें नसतांना दिंडीदरवाजा पुरत होता, म्हणून दुकानांत पंधरा व्होल्ट दिसले. ओझें वाढलें तसा तो अपुरा पडला, कपॅसिटर रिते झाले आणि पेटीनें अंग काढून घेतलें.

“काका, पेटी लावल्यावर टक् असा आवाज कधीं ऐकला होता का?”

मास्तरांनीं आठवून पाहिलें. “नाहीं रे. सुरुवातीपासून ती मुकीच होती.”

पेटी पुन्हां रिती करून, मीटरनें खात्री करून, पट्टी उलटी केली. भिंगाखालीं रिलेच्या एका पायाभोंवतीं सोल्डरमध्यें केसासारखी गोल भेग दिसली. जुन्या यंत्रांत हा दोष नेहमींचा आहे. रिले जड असतो. तापणें, थंड होणें आणि वाहतुकीचे धक्के यांनीं त्याच्या पायांजवळचें सोल्डर थकतें. पुतण्यानें जुनें सोल्डर काढून नवें भरलें, आणि करपलेला रेझिस्टर बदलला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत असे सुटे भाग मिळतात. पेटी पुन्हां सुरू केली तेव्हां एका क्षणानें आंतून स्पष्ट ‘टक्’ ऐकूं आलें. चार दिवे लागले, मग सहा, मग आठ. आणि सर्व स्थिर जळत राहिले.

परंतु पुतण्यानें लगेच कडीं टांकींत सोडूं दिलीं नाहींत. आधीं त्यानें बाहेरच्या जाड तारांचे बोल्ट घट्ट केले. मोठ्या प्रवाहाच्या कामांत सैल बोल्ट हा चोरच असतो. संपर्काच्या जागीं ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा राहिला, तरी शंभर अँपिअरांना तेथें एक व्होल्ट हरवतो आणि शंभर वॉटांची उष्णता निर्माण होते. मग पेटीची जागा बदलली. ती टांकीशेजारीं ठेवली होती. पंखा आम्लाचे सूक्ष्म तुषार आंत ओढून घेई आणि पट्टीवरचें तांबें हिरवें पडूं लागलें होतें. पेटी दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला गेली. शेवटीं त्यानें प्लग पाहिला. तिसरी पिन होती, पण घरच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतें. अशा पेट्यांतून धातूच्या खोक्याकडे थोडी वीज स्वभावतःच झिरपत असते; अर्थिंग नसेल तर ती माणसाच्या अंगांतून वाट काढते. तें काम पुरें होईपर्यंत आणखी एक दिवस गेला. मास्तरांनीं तक्रार केली नाहीं.

त्यानंतर मोकळ्या हवेंत टांकी मांडली. आम्ल पाण्यांत ओतलें. पाणी आम्लांत ओतलें नाहीं. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे होते. शिशाच्या पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि तो वायु ठिणगीनें पेट घेतो, म्हणून चिमटे जोडतांना आणि काढतांना प्रवाह बंद ठेवला. पंधरा अँपिअर पाऊण तास अखंड वाहिले. सुमारें वीस मायक्रॉनचा थर तयार झाला. कडीं रंगांतून आणि उकळत्या पाण्यांतून बाहेर आलीं तेव्हां तीं शाईसारखीं एकसारखीं काळीं होतीं, आणि आटे एकमेकांत पूर्वीप्रमाणेंच घट्ट बसले.

जुनी पेटी घेऊं इच्छिणाऱ्यानें या हकीकतीवरून एवढें ध्यानांत घ्यावें: ओझ्यावांचून दाखविलेला आकडा ही परीक्षा नव्हे. चार दिवे बरोबर न्यावे आणि दुकानांतच लावून पाहावे. पेटी मुळींच सुरू होत नसेल आणि फ्यूज काळा पडला असेल, तर आंत ट्रान्झिस्टर जळाल्याची शंका घ्यावी. जाडी तार घालून फ्यूजचें तोंड बंद करूं नये. अशा वेळीं कारागीर शंभर वॉटांचा तारेचा दिवा पेटीच्या मार्गांत जोडून ओझ्यावांचून वीज देतात. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर जळत राहिला तर आंत विजेची वाट जोडली गेली आहे, असें ते समजतात. आणि ज्याला कपॅसिटर रिता करण्याची व मीटर वापरण्याची संवय नाहीं, त्यानें झांकणाचा पहिला स्क्रूसुद्धां सोडवूं नये; पेटी जाणत्याच्या हातीं द्यावी. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

मास्तरांची दुर्बीण शाळेच्या गच्चीवर उभी राहिली. ती पाहावयास आलेलीं मुलें शनीचें कडें पाहून हरखलीं; दुर्बिणीच्या कड्यांकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुतण्यानें मात्र जातां जातां त्यांवरून बोट फिरविलें, आणि मास्तरांनीं तें पाहिलें.